शून्य निराळे, गैरहजर निराळे

शाळेच्या निकालपत्रकात दोन मुले एकाच ओळीत नापास झालेली असतात. एकाला गणितात शून्य गुण मिळालेले असतात, दुसरा गणिताच्या पेपरला बसलेलाच नसतो. मास्तर पहिल्याच्या नावापुढे शून्य लिहितात आणि दुसऱ्याच्या नावापुढे 'गै. ह.' लिहितात. दोघांची बेरीज सारखीच येते. तरीही कोणी मास्तर गैरहजर मुलाला शून्य लिहीत नाही. कारण शून्य मिळालेल्या मुलाला शिकवावे लागते आणि गैरहजर मुलाच्या घरी जाऊन चौकशी करावी लागते.

ही साधी गोष्ट संगणकाला कोणी शिकवली नाही, तर काय होते ते आम्ही गेल्या जून महिन्यात डोळ्यांनी पाहिले. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दरवर्षी शाळा सुरू होताना वह्यांचे वाटप होते. मुंबईत नोकरीला आलेली मंडळी आपापल्या तालुक्यातल्या मुलांसाठी वर्गणी देतात. त्यातून कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या इयत्तेच्या मुलाला किती वह्या मिळायच्या, ते ठरते. इतकी वर्षे हा हिशेब एका जाड वहीत होत असे. यंदा शेजारच्या घरातली मुलगी म्हणाली, "काका, मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एवढी यादी मी एका संध्याकाळी काढून देते." आम्हाला आनंदच झाला. तिने खरोखरच एका संध्याकाळी ९६ मुलांची यादी छापून आणली. नाव, गाव, इयत्ता, वह्या, खाली बेरीज. एकही खाडाखोड नाही!

यादी समोर ठेवून आजी गठ्ठे बांधू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "अगं पोरी, डहाणूच्या मुलांच्या नावापुढं शून्य कसं? त्यांची वर्गणी आली होती. पावती मीच फाडली."

"आजी, कॉम्प्युटरनं काढलंय. चुकणार नाही."

"कॉम्प्युटरनं पावती फाडली होती का?" आजी म्हणाल्या.

पाहिले तर डहाणू आणि तलासरीच्या ११ मुलांपुढे शून्य होते. अकोले तालुक्याच्या ४ मुलांपुढेही शून्य होते. आजींना वर्गणीची आठवण नसती, तर ही पंधरा मुले रिकाम्या हाताने परत गेली असती आणि कागदावर सगळा हिशेब बरोबर ठरला असता. ही चूक कशी झाली, ते आम्ही त्या मुलीजवळ बसून समजून घेतले. आज घराघरांतून मुलेमुली प्रोग्रॅमिंग शिकत आहेत. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही ते उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

डब्यात डबा

संगणकाच्या भाषेत ॲरे म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या गोष्टी. रांगेच्या प्रत्येक जागी आणखी एक रांग ठेवली, तर ती नेस्टेड ॲरे झाली. लोखंडी पेटीत डबे, डब्यांत पुरचुंड्या, तसे. तीन मुलांचे तीन विषयांचे गुण पायथन भाषेत असे लिहितात:

गुण = [[६२, ७१, ५८], [४५, ८०, ६६], [७०, ०, ५४]]

पायथनमध्ये नावे देवनागरीत लिहिलेली चालतात. आकडे मात्र इंग्रजीतच टाइप करावे लागतात. येथे वाचायला सोपे जावे म्हणून ते देवनागरीत छापले आहेत.

आता दुसऱ्या मुलाचे तिसऱ्या विषयाचे गुण हवे आहेत. त्यासाठी लिहायचे गुण[१][२]. उत्तर येते ६६. दुसऱ्यासाठी १ आणि तिसऱ्यासाठी २ का, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो. आपल्या इमारती आठवा. आपण तळमजल्याला पहिला मजला म्हणत नाही. एक जिना चढून गेलो की पहिला मजला लागतो. संगणकही तसेच मोजतो. सुरुवातीपासून किती घरे पुढे जायचे, तो आकडा कंसात लिहायचा. पहिल्या वस्तूसाठी पुढे जावेच लागत नाही, म्हणून तिचा क्रमांक शून्य.

सगळ्याच भाषा अशा मोजत नाहीत. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत तयार होऊन १९५७ साली बाहेर पडलेली फोरट्रान भाषा एकपासून मोजत असे. रांगेत रांग, तिच्यात रांग अशा तीनच पातळ्या तिला चालत. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या सी भाषेत मोजणी शून्यापासून होती, आणि पुढे जावा, जावास्क्रिप्ट, पायथन या भाषांनी तीच रीत घेतली. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी तर १९८२ साली शून्यापासूनच का मोजावे यावर एक छोटे टिपणच लिहिले.

आकड्याऐवजी नावाने शोधायचे असेल, तर पायथनमध्ये डिक्शनरी वापरतात. तिच्यात प्रत्येक मूल्याला एक चावी असते. आमच्या अभ्यासिकेचा तक्ता असाच होता. बाहेर जिल्हा, त्यात तालुका, त्यात इयत्ता आणि सर्वांत आत वह्यांचा आकडा:

वाटा["ठाणे"]["शहापूर"]["आठवी"]

याचे उत्तर १२. आधी ठाण्याचा डबा उघडला, त्यातून शहापूरची पुरचुंडी काढली, तीत आठवीचा आकडा पाहिला.

पोस्टाचा पिनकोड हीदेखील अशीच पायरीपायरीची शोधाशोध आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस होते. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा ज्या विभागात आहेत त्याचा आकडा ४. पहिले तीन आकडे मिळून जिल्ह्याची टपालवर्गवारी सांगतात, उदाहरणार्थ ४०० म्हणजे मुंबई. शेवटचे तीन आकडे त्यातले पोस्ट ऑफिस सांगतात. प्रत्येक पायरीवर शोधायची जागा लहान होत जाते.

पायरी मोडली तर

जिन्याची एक पायरी मोडली असेल, तर पुढच्या पायऱ्या कितीही मजबूत असोत, माणूस वर पोचत नाही. नेस्टेड ॲरेचेही तसेच. वरच्या उदाहरणात मुले तीनच आहेत. कोणी गुण[३] विचारले, तर पायथन तेथेच थांबतो आणि 'इंडेक्स एरर' दाखवतो. डिक्शनरीत नसलेली चावी मागितली तर 'की एरर' दाखवतो आणि कोणती चावी सापडली नाही तेही छापतो. नवशिक्या मुलांना लाल अक्षरांतला हा मजकूर पाहून धडकी भरते. पण तो मजकूर आपला शत्रू नव्हे. 'मी या दारापर्यंत आलो, पुढे दार नाही,' असे तो प्रामाणिकपणे सांगत असतो.

जावास्क्रिप्टची रीत निराळी आहे. तेथे बाहेरच्या डब्यात नसलेली चावी मागितली, तर ती भाषा भांडत नाही, नुसते 'अनडिफाइन्ड' म्हणजे 'ठरलेले नाही' एवढे उत्तर देते. त्या 'ठरलेले नाही'मधून पुढची चावी मागितली, की मगच चूक दाखवते. म्हणजे पायरी एकीकडे मोडते आणि माणूस दुसरीकडे पडतो. म्हणून शोधताना नेहमी एक पायरी मागे जाऊन पाहावे.

कधी कधी तर संगणक चूक दाखवत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही, दुसऱ्याचीच वस्तू हातात देतो. पायथनमध्ये उणे एक हा क्रमांक रांगेतल्या शेवटच्या वस्तूचा असतो. समजा, अर्जावर हजेरी क्रमांक भरलेला नाही, म्हणून तेथे शून्य धरले. प्रोग्रॅमने मोजणी जुळवण्यासाठी त्यातून एक वजा केला. झाला उणे एक! आता ज्या मुलाचा क्रमांकच माहीत नाही, त्याच्या नावावर वर्गातल्या शेवटच्या मुलाचे गुण छापून येतील, आणि कोणाला शंकाही येणार नाही.

ते शून्य आले कुठून?

आमच्या यादीत काय घडले, ते आता सांगतो. मुलीने पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला, तेव्हा तो मध्येच बंद पडला होता. 'की एरर' आला होता. उशीर झाला होता, सकाळी यादी द्यायची होती. तिने वर्गात शिकवलेली एक युक्ती वापरली. पायथनमध्ये 'गेट' नावाची सोय आहे. चावी सापडली तर तिच्यातले मूल्य द्यायचे, सापडली नाही तर आपण सांगू ते पर्यायी मूल्य द्यायचे. तिने ओळ अशी बदलली:

वाटा.गेट("पालघर", {}).गेट("डहाणू", {}).गेट("आठवी", ०)

मराठीत याचा अर्थ असा: पालघरचा डबा दे, नसेल तर एक रिकामा डबा दे. त्यातून डहाणूची पुरचुंडी दे, नसेल तर रिकामी पुरचुंडी दे. तीतला आठवीचा आकडा दे, नसेल तर शून्य दे. प्रोग्रॅम न अडखळता शेवटपर्यंत गेला. लाल अक्षरे गेली. पण ज्या ठिकाणी संगणक 'मला माहीत नाही' म्हणत होता, त्या ठिकाणी आता तो 'शून्य' म्हणू लागला. गैरहजर मुलाच्या नावापुढे शून्य पडले.

यात आणखी एक मेख होती. त्याच यादीत मुरबाडच्या आठवीपुढेही शून्य होते, आणि ते अगदी खरे होते! तिथल्या वर्गणीदाराने वह्या परस्पर शाळेत पोचवल्या होत्या. कागदावर मुरबाडचे खरे शून्य आणि डहाणूचे खोटे शून्य अगदी सारखे दिसत होते. नुसत्या कागदाकडे पाहून कोणाही विद्वानाला ते वेगळे करता आले नसते. आजींना ते करता आले, कारण पावती त्यांनी फाडली होती.

याच्या उलटी चूकही होते. काही मुले लिहितात, 'हा आकडा, किंवा नसल्यास १२'. पायथनचे 'ऑर' आणि जावास्क्रिप्टमधली त्याच अर्थाची दोन उभ्या रेघांची खूण, ही दोन्ही शून्यालाही 'नाही'च समजतात. मग मुरबाडच्या खऱ्या शून्याचे १२ होतात आणि नको तेथे वह्या जातात. हा घोटाळा टाळण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये २०२० साली दोन प्रश्नचिन्हांची नवी खूण आली. ती शून्याला शून्यच राहू देते आणि मूल्य खरोखर नसेल तेव्हाच पर्यायाकडे वळते. पीएचपी भाषेत ती सोय २०१५ सालीच आली होती.

'काहीच नाही' हे कसे लिहावे, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही छळत आला आहे. टोनी होअर या नामवंत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी 'नल' ही कल्पना आणली, कारण ती अमलात आणणे सोपे होते. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच सर्वांसमोर कबूल केले, की ती आपली शंभर कोटी डॉलरची चूक होती. एवढ्या मोठ्या माणसाला चूक कबूल करताना संकोच वाटला नाही. मग दुसऱ्या वर्षाच्या मुलीने का वाटून घ्यावा?

जिल्हा बदलला, चावी बदलली

पण पालघरची चावी तक्त्यात नव्हती, ती का? उत्तर जुन्या वहीत मिळाले. तक्ता त्या जाड वहीवरून उतरवलेला होता आणि वही फार जुनी होती. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके त्यात गेले. वहीत मात्र डहाणू अजून ठाण्याखालीच होते. मुलांनी अर्जावर पालघर लिहिले, तेही बरोबरच. अकोल्याचेही तसेच झाले. वहीत जिल्हा अहमदनगर, तर अर्जावर अहिल्यानगर, कारण २०२४ साली जिल्ह्याचे नाव बदलले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले ते २०२३ साली. माणूस दोन्ही नावे एकच समजतो. संगणकाला एक अक्षर वेगळे म्हणजे चावीच वेगळी.

मग तालुक्याच्याच नावाने शोधावे का? तेही धोक्याचे आहे. कर्जत तालुका रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही आहे. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. म्हणून मोठ्या कामात नावाऐवजी सांकेतांक वापरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा सांकेतांक २७ आणि ठाणे जिल्ह्याचा ५१७ होता. पण त्या जनगणनेत पालघर जिल्हाच नव्हता, मग त्याचा सांकेतांक कुठून असणार? म्हणजे तक्ता नावांचा असो की सांकेतांकांचा, तो कोणत्या सालचा आहे हे त्याच्या माथ्यावर लिहून ठेवलेच पाहिजे.

पेटी उलगडून पाहताना

वस्तू कोणत्या डब्यात आहे हेच ठाऊक नसेल, तर काय करावे? सगळी पेटी उलगडायची. रांगेत रांग एवढेच असेल, तर एका फेरीच्या आत दुसरी फेरी चालवतात. प्रत्येक मूल घ्यायचे आणि त्याचा प्रत्येक विषय पाहायचा. पण आत किती पातळ्या आहेत ते माहीत नसेल, तर 'रिकर्शन' वापरतात. त्याचा नियम आपल्या घरात सगळ्यांना येतो. डबा उघड. हवी ती वस्तू दिसली तर सांग. आत आणखी डबा दिसला, तर त्यालाही हाच नियम लाव. प्रोग्रॅमचा एक भाग स्वतःलाच पुन्हा बोलावतो आणि सर्वांत आतल्या पुरचुंडीपर्यंत जातो.

असे शोधताना दोन गोष्टी पाळाव्यात. 'सापडले' एवढेच सांगून भागत नाही. कोणत्या वाटेने सापडले ते लिहून ठेवावे. आणि पहिली वस्तू सापडताच थांबू नये, कारण दुसरा कर्जत पुढच्या डब्यात असू शकतो.

मुलीने आमच्यासमोरच अशा दहा-बारा ओळी लिहिल्या आणि सगळ्या तक्त्यात 'डहाणू' शोधायला सांगितले. पडद्यावर वाट उमटली: ठाणे, डहाणू. मग 'अकोले' शोधले. वाट उमटली: अहमदनगर, अकोले. तिने आजींकडे पाहिले. म्हणाली, "आजी, तुमची पावती बरोबर होती."

मग यादी नव्याने निघाली. तिने 'गेट'मधले ते पर्यायी शून्य काढून टाकले. त्याऐवजी प्रत्येक पायरीवर चावी आहे का ते पाहिले, आणि नसेल तेथे 'नोंद नाही' असे लिहून ते नाव एका निराळ्या कागदावर छापले. कोणत्या पायरीवर अडले तेही शेजारी लिहिले. जुन्या-नव्या नावांची जोडयादी केली. पालघरचे तालुके ठाण्याखालून काढून पालघरखाली मांडले. निराळ्या कागदावरची पंधरा नावे एकेक करून मार्गी लागली. शेवटी त्या कागदावर एकही नाव उरले नाही. मुरबाडचे शून्य मात्र शून्यच राहिले, आणि तेच योग्य होते.

दुपारी वाटप झाले. डहाणूहून आईबरोबर आलेली एक लहानगी आपल्या वह्या मोजून घेत होती. बारा भरल्या तेव्हाच तिने पिशवी बांधली. सकाळी तिच्या नावापुढे काय छापले होते, हे तिला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होण्याचे कारणही नव्हते.

ज्यांच्या घरी मूल प्रोग्रॅमिंग शिकत आहे, त्या आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे. त्याचा प्रोग्रॅम चालला का, हे विचाराच. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: "एखाद्याचे नाव सापडले नाही, तर तुझा प्रोग्रॅम काय लिहितो?" उत्तर 'शून्य' असे आले, तर त्याला पुन्हा बसवा. ॲरे कितीही खोल असो, तिच्या तळाशी कोणाचा तरी वाटा ठेवलेला असतो. तो सापडला नाही, तर 'सापडला नाही' असेच लिहिले पाहिजे. म्हणजे कोणीतरी उठून शोधायला जाईल.